चार प्रोसेसर राखीव

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

दसऱ्याची सुटी संपली आणि अमृतरावांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. "तेजस्विनी, अकरा वाजता मशीन बसते. ते बसाले नाई पाह्यजे. तू आन् भगवानराव मिळून काय करायचं ते करा." एवढं बोलून ते फोनवर तेलुगूत सुरू झाले. म्हणजे काम मला मिळालं.

ऑफिसच्या कामाची वही इंग्रजीत लिहावी लागते. ही माझी, म्हणून मराठीत. बेल्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले तेवढ्या मराठीवर भागवते आहे.

आमची संस्था उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या जंगलातल्या गावांसाठी पाच रुग्णगाड्या चालवते. फोन इथे आदिलाबादला येतो. फोनवरची अश्विनी गावाचं नाव टाइप करते, मशीन सगळ्यात जवळची गाडी शोधतं आणि ड्रायव्हरला संदेश पाठवतं. मशीन जुनं आहे, फ्रिजएवढं, कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसने दान दिलेलं. आत सोळा प्रोसेसर. रोज अकरा वाजता त्यावर रिपोर्ट सुरू होतो, कारण जिल्ह्याच्या ऑफिसला बारापर्यंत आकडे हवे असतात. रिपोर्टचे चाळीस तुकडे होऊन सोळाही प्रोसेसरवर चढून बसतात. तेवढ्यात फोन आला की अश्विनीच्या पडद्यावर चकरी फिरत राहते.

नव्या मशीनची फाइल दोन वर्षांपासून फिरते आहे. हैदराबाद सोडून आले तेव्हा वाटलं होतं, इकडे दगदग कमी असेल. आठ महिने झाले. एकाही दिवशी झोपून उठल्यावर ताजं वाटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज भगवानरावांनी समजावलं. ते सहासष्ट वर्षांचे आहेत. बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीचं मशीन सांभाळलं. निवृत्त झाल्यावर इथे आले. या युनिक्सची, म्हणजे मशीन ज्यावर चालतं त्या जुन्या प्रणालीची, त्यांच्याइतकी माहिती असलेला माणूस मला हैदराबादलाही भेटला नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, मी काका म्हणते. आमच्या दोघांच्या घरची बोली एक आहे.

"सोळा प्रोसेसर म्हंजे सोळा मानसं समज," ते म्हणाले. "आता कोनीबी कोनतंबी काम उचलते. आपल्याले त्यातले चार बाजूले बसवायचे. त्याईनं फक्त फोनचं काम करायचं. रिपोर्टानं त्याईले हात नाई लावायचा."

"मशीनला हे सांगायचं कसं?"

"प्रोग्रामातून. तीन कॉल हायेत, म्हंजे मशीनले द्यायचे हुकूम. पयल्या कॉलनं रिकामा गट तयार होते, मशीन त्याचा नंबर देते. दुसऱ्यानं त्या गटात एकएक प्रोसेसर टाकायचा. तिसऱ्यानं आपलं काम त्या गटाले बांधून टाकायचं. चौथा एक हाये, तो गट मोडायचा. मोडला का प्रोसेसरबी मोकळे, कामबी मोकळं."

मी म्हटलं, सोळाही प्रोसेसर आपल्या गटात टाकले तर? ते हसले. "शेवटचा नाई सोडत ते. मूळ गटात एक तरी ठेवाच लागते. बाकीच्या कामाईनं काय करावं मंग?"

मग बोट वर करून म्हणाले, "आन् हे ध्यानात ठेव. जे काम गटात बसलं, त्यानं सुरू केलेलं हरेक काम त्याच गटात जाते. लेकरं मायच्या मागं जातेत तसं."

मी सगळं लिहून घेतलं. उठताना त्यांनी विचारलं, "तुहं गाव कोनतं?" या आठवड्यात हे तिसऱ्यांदा. बेला, म्हटलं. माझ्यासारख्या नवख्या बाईच्या गावात त्यांना काय गोडी असणार? विचारायचं म्हणून विचारतात.

२१ ऑक्टोबर, सोमवार

गट तयार होतो. प्रोसेसर जातात. पण फोनचं काम बांधलं की त्याचा अर्धा भाग गटाबाहेरच राहतो. दिवसभर मॅन्युअल वाचलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं आहे. शेवटी कळलं, फोनचं काम आधीपासून चालू होतं. त्याने जन्माला घातलेली जुनी कामं मागून बांधली जात नाहीत, त्यांना एकेक करून बांधावं लागतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "हे तर मी तुले पयल्याच दिवशी सांगतलं होतं." नव्हतं सांगितलं. की होतं? माझ्या वहीत नाही.

मशीनचा मुख्य पासवर्ड त्यांनी मला दिला. त्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती, त्यावरून वाचून दिला. एवढा जुना माणूस पासवर्ड चिठ्ठीवर ठेवतो, याचं नवल वाटलं. लांबलचक आहे, म्हणून असेल.

२२ ऑक्टोबर

ताप. गेले नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सगळ्यांसमोर काका माझ्यावर ओरडले. मी बारा ते पंधरा नंबरचे प्रोसेसर गटासाठी घेतले होते. "कोनाले इचारून घेतले? मी शून्य ते तीन सांगतले होते!" मी म्हटलं, काका, परवा तुम्हीच म्हणालात, शून्य नंबरचा घेऊ नको, त्याच्यावर मशीनची बाकी कामं येतात. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर बघत राहिले. "शून्य कोन घेईन, येडी का," असं म्हणून गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत येऊन बसले. दुसरं काय करणार? माझ्या ऐकण्यातच चूक होत असेल. तापातून उठल्यापासून डोकं जड आहे.

संध्याकाळी पाचला त्यांच्या घरून फोन. तुळजाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. रोज पाचला येतो. "निघाले का? कोन्या रस्त्यानं निघाले? संग कोनी हाये का?" या वयात नवऱ्यावर इतका संशय! काकांचा स्वभाव चिडका का झाला असेल, ते कळतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर आज सुरू केलं. बारा, तेरा, चौदा, पंधरा हे चार प्रोसेसर राखीव. अकरा वाजता रिपोर्ट सुटला, बाकीच्या बारांवर चढला. अकरा वाजून दहा मिनिटांनी उटनूरच्या बाजूने फोन आला, एका म्हाताऱ्याला दम लागला होता. अश्विनीने गाव टाइप केलं आणि दोन सेकंदांत गाडीचं नाव पडद्यावर. ती खुर्चीतून उठली. "बाई, चकरी आलीच नाई!"

अमृतरावांनी येऊन पाहिलं, मान हलवली. त्यांची शाबासकी एवढीच असते. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास, शीतल." शीतल म्हणजे त्यांची मुलगी, पुण्याला असते. मुलीच्या नावाने हाक मारली. बरं वाटलं.

नंतर त्यांनी विचारलं, "रिपोर्ट लावला का?" तो आपोआप लागतो काका, घड्याळावर, म्हटलं. "हो हो." अर्ध्या तासाने पुन्हा, "रिपोर्ट लावला का?" कामाची किती काळजी!

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल वीज गेली, बॅटरीही बसली, मशीन बंद पडलं. परत सुरू केलं तर गट गायब. मशीन बंद झालं की हे गट उरत नाहीत, हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलं आहे आणि मी ती ओळ ओलांडून गेले होते. आज मशीन सुरू होतानाच गट बनवणारा प्रोग्राम लावला. तीनदा मशीन बंद-चालू करून पाहिलं. हात दुखतात. घरी आल्यावर आईने वाढलं ते जेवले, चव आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज अकराच्या आधीच चकरी फिरली. चार मिनिटं. मी मशीनपाशी पोचेपर्यंत थांबली. नशिबाने तेव्हा एकच फोन होता, पाय मुरगळल्याचा.

काय झालं कळलं नाही. दिवसभर माझा प्रोग्राम वाचला. एकही चूक सापडली नाही, म्हणजे माझ्या लक्षात न येणारी चूक आहे. राखीव गटात कोणकोणती कामं आहेत ते दर मिनिटाला लिहून ठेवणारा छोटा प्रोग्राम लावून ठेवला. काकांना विचारलं, तुम्ही मशीनवर काही केलं का? म्हणाले, "मी सकाळपासून बसून राह्यलो नुसता." त्यांच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाढत चालल्या आहेत. नीटनेटका माणूस.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कसं लिहू? आधी झालं तेवढं लिहिते.

अकरा वाजून चार मिनिटांनी फोन आला. इंद्रवेल्लीच्या पलीकडच्या गावातून. राहीबाई नावाची बाई कापूस वेचत होती, उजव्या हाताला साप चावला. नाग असावा असं नवरा म्हणत होता. अश्विनीने गाव टाइप केलं. चकरी. तिने मला हाक मारली. मी मशीनपाशी पळाले, टाइप केलेलं अक्षर उमटायला दहा सेकंद लागत होते. अश्विनीने वाट बघून उटनूरच्या ड्रायव्हरला आपल्या मोबाइलवरून फोन लावला. तो निघाला, पण तिथून रस्ता लांबचा. अकरा एकवीसला चकरी थांबली आणि मशीनने सांगितलं, सगळ्यात जवळची गाडी इंद्रवेल्लीतच उभी आहे. एका म्हाताऱ्या पेशंटला घरी पोचवून ड्रायव्हर गाडीतच बसला होता. मशीनला ते माहीत होतं. सतरा मिनिटं त्याला सांगता आलं नाही.

ती गाडी राहीबाईला घेऊन निघाली. वाटेतच तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, असं ड्रायव्हर म्हणाला.

माझा प्रोग्राम. माझे चार प्रोसेसर.

२० नोव्हेंबर, बुधवार

राहीबाई आदिलाबादच्या दवाखान्यात, श्वासाच्या मशीनवर.

मी ठेवलेली मिनिटांची नोंद पाहिली. एकोणीस तारखेला अकराच्या आधीपासून राखीव गटात बेचाळीस कामं आहेत. फोनचं एक. बाकी रिपोर्टची. म्हणजे रिपोर्ट माझ्या गटात शिरला. माझ्याच सुरुवातीच्या प्रोग्रामने त्याला आत नेलं असणार. कुठून, ते शोधते आहे.

अमृतरावांनी दार लावून घेतलं. "विश्वस्ताईले अहवाल द्या लागते. 'तांत्रिक अडचण' असं लिही. दोन शब्द. जास्त लिहिलं का जास्त प्रश्न येतेत." ते वाईट माणूस नाहीत. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात गेले. आत सोडलं नाही, काचेतून पाहिलं. बाई बारीक आहे, माझ्याच वयाची असेल. हात कोपरापर्यंत सुजून काळा पडलेला. बाहेर बाकावर नवरा, नागोराव. मी संस्थेची आहे म्हटल्यावर उभा राहिला. "बसा बाई," म्हणाला, स्वतः उभाच राहिला. "तुमची गाडी आली म्हनून पोचलो. नाईतर कायची वाचती."

 त्याने मला चहा पाजला. तो चहा मी प्यायले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं. मी तीन दिवस भलतीकडे शोधत होते.

गटातला तो रिपोर्ट घड्याळाने लावलेला नव्हताच. घड्याळाचा रिपोर्ट त्याच्या जागी, बाकीच्या बारा प्रोसेसरवर नीट चालू होता. हा दुसरा. कोणीतरी दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी हाताने लावलेला. आणि पडद्यावरच्या ज्या खिडकीतून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या चौकटीतून, लावला, ती खिडकीच दहा एक्केचाळीसला कोणीतरी राखीव गटाला बांधली होती. खिडकी गटात, म्हणून तिच्यातून सुरू झालेल्या रिपोर्टचे चाळीसही तुकडे गटात. बेचाळिसावं काम म्हणजे ती खिडकी.

लॉगिन भगवानरावांचं.

तेरा तारखेचंही तसंच असणार.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विचारलं. "काका, मंगळवारी तुम्ही रिपोर्ट हातानं लावला होता का?"

"नाई."

"तुमच्या लॉगिनवरून लागला."

"मंग कोनी बसलं असंन माह्या जाग्यावर."

"तुमच्या खुर्चीवर कोण बसते काका?"

"मी काऊन लावीन? तो तं आपोआप लागते!"

शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले.  मी म्हटलं, "खोटं नका बोलू. एक बाई तिकडे मशीनवर श्वास घेऊन राह्यली. चार दिवसांपासून मी सोताले दोष देऊन राह्यली आन् तुमी मजेत बसले."

अश्विनी उठून बाहेर गेली. काकांनी डबा पिशवीत घातला. झाकण लावायला त्यांना खूप वेळ लागला. मग गेले. बारा वाजले होते.

तीस वर्षांचा अनुभव आणि लहान मुलासारखं खोटं. मला पस्तावा नाही. अहवालात त्यांचंच नाव लिहिणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तुळजाबाईंचा फोन. "घरी ये माय, काम हाये." मला वाटलं भांडायला बोलावतात. भांडायची तयारी करूनच गेले.

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, मोठ्या अक्षरात: किल्ली उजव्या खिशात. गॅसच्या वर: बंद केला का पाहा. आरशाला: दाढी झाली. पाण्याच्या माठावर: हा पाण्याचा. मी उभी राहून एकेक वाचत होते आणि तुळजाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"दोन वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "हैदराबादच्या डॉक्टरनं सांगतलं, हे वाढतच जाईन. त्याईनं मले शपथ घातली, हापिसात सांगू नको म्हने. मशीनपाशी बसलो का मले सारं आठवते म्हने. जुनं आठवते वो त्याईले. सकाळचं नाई आठवत."

"तुम्ही रोज पाचला फोन करायच्या..."

"घर चुकतेत माय. दोनदा टेसनावर जाऊन बसले होते, बेल्लमपल्लीच्या गाडीची वाट पाहात."

 तेवढ्यात काका मागच्या अंगणातून आले. मला बघून थांबले. ओळखलं.

"काल तू मले खोटा म्हनली," ते म्हणाले. "मले राग नाई आला बाई. मले भेव वाटलं. कारन का मी आठवून आठवून पाह्यलं रातभर, आन् मले तं खरंच नाई आठवत. मंगळवारचं काहीच नाई आठवत." मग थोड्या वेळाने: "तुह्यापाशी नोंद हाये म्हंते. मले दाखव."

मी त्यांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूला केला. म्हणाले, "नोंद दाखव, मंग पाहू."

हे सगळं माझ्यासमोर होतं. गाव तीनतीनदा विचारणं, चिठ्ठ्या, शीतल. मी रोज इथे लिहून ठेवत होते आणि एकदाही वाचलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

त्यांनी नोंद वाचली. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मला तीन दिवस लागले ते त्यांना दहा मिनिटांत कळलं.

"हे पाह्य. दहा एक्केचाळीस. मी माही खिडकी गटाले बांधली, आतून गट कसा चालते ते पाह्याले. चांगली रीत हाये, मीच शिकोतो सगळ्याईले. पाहून झालं का सोडा लागते. नाई सोडली." बोट खाली सरकलं. "आन् मंग रिपोर्ट लागला नाई असं वाटलं असंन. लावला. दोन्ही गोष्टी मीच केल्या."

आम्ही दोघं अमृतरावांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "भगवानराव, कायले जीवाले लावून घेता? 'तांत्रिक अडचण' लिहू. तुमचं नाव बी नाई, पोरीचं बी नाई."

"मशीन बरोबर होतं अमृतराव. जे सांगतलं ते त्यानं केलं. इचं कामबी बरोबर होतं. माहं नाव लिहा." मग माझ्याकडे वळून: "आन् माहा पासवर्ड काढ. मी मांगतलं तरी परत नको देऊ."

अमृतरावांनी चष्मा परत लावला. शेवटी म्हणाले, लिही. मी लिहिलं. काकांच्या नावाखाली माझंही घातलं: कोणालाही आपली खिडकी राखीव गटाला बांधता येत होती, ते मी आधी थांबवायला हवं होतं. काकांनी ते वाक्य खोडायला लावलं. मी नंतर परत लिहिलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

राहीबाईचा श्वास मंगळवारी आपला आपण सुरू झाला. काल उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरला विचारलं, सतरा मिनिटं आधी आली असती तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर चिडले.

आज काका आणि मी गेलो होतो. आत सोडलं. ती जागी होती, बोलायला त्रास होत होता. काकांनीच नागोरावाला सांगितलं, उभं राहून, काही न लपवता. गाडी जवळ होती. मशीन अडलं होतं. माझ्या हातून अडलं, असं म्हणाले.

नागोराव ऐकत होता. "मी इले पाठीवर घेऊन रोडापर्यंत आनलं," तो म्हणाला. "रोडावर बसलो तिची मान धरून. आन् तुमची गाडी इंद्रवेल्लीत उभी होती म्हनता?"

"हो."

खाटेवरून राहीबाई हळू म्हणाली, "आता कापूस कसा वेचू वो मी?" कोणाला म्हणाली कळलं नाही.

नागोरावाने विचारलं, "आता नीट झालं का तुमचं मशीन?"

"झालं," मी म्हटलं.

"मंग जा तुमी आता."

चहा वगैरे काही विचारलं नाही. बरं केलं. परत येताना रिक्षात काका एकदाही बोलले नाहीत. मला कळत नव्हतं, ते गप्प आहेत की विसरले आहेत.

३ डिसेंबर, मंगळवार

प्रोग्राम बदलला. आता राखीव गटाला काम बांधायची परवानगी फक्त त्या एका प्रोग्रामला आहे आणि तो फोनच्या कामाशिवाय कोणालाही आत घेत नाही. रिपोर्ट चालू असताना दुसरा लागत नाही. मुख्य पासवर्ड बदलला. नवा माझ्याकडे आणि अमृतरावांच्या कपाटात बंद पाकिटात.

शेवटी काकांच्या लॉगिनचे अधिकार काढले. एक ओळ लिहून बटण दाबायचं होतं. दुपारचं जेवण होऊन गेलं तरी दाबलं नव्हतं. मग दाबलं.

विश्वस्तांनी अहवाल वाचला. राहीबाईचा दवाखाना, आणि पुढे तिला जमेल असं काम, यांची जबाबदारी संस्थेने घ्यावी असं ठरलं. अमृतरावांनी ते लेखी घेतलं. काकांना काढून टाका असं एक जण म्हणाला. अमृतराव म्हणाले, मंगळवारी-शुक्रवारी दोन तास येतील, शिकवतील, मशीनला हात लावणार नाहीत. तुळजाबाई सोबत येतील.

१३ डिसेंबर, शुक्रवार

थंडी वाढली. सकाळी बोटं वळत नाहीत.

काका आले की आधी आपल्या खुर्चीवर बसतात, लॉगिन करतात आणि गट बघायला जातात. पडद्यावर येतं: परवानगी नाही. मग मला हाक मारतात. "बाई, मशीन मले नाई म्हनून राह्यलं. काऊन?"

तीन तारखेला मी सगळं सांगितलं. सहा तारखेलाही, राहीबाईपासून बोटांपर्यंत. दहा तारखेलाही. दर वेळी त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. दर वेळी त्यांचा चेहरा तसाच उतरला. दर वेळी म्हणाले, "बाई वाचली का?" आणि मग बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मंगळवारी तुळजाबाईंनी मला बाजूला नेलं. माझा हात दाबला.

आज परत हाक आली. "काऊन गं? मले काऊन नाई म्हनते हे?"

मी त्यांच्या बाजूची खुर्ची ओढून बसले.

"ती परवानगी मी काढली काका. तुमीच काढाले सांगतली होती."

"मी सांगतली?"

"हो. अमृतरावांसमोर."

ते पडद्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. "मी सांगतलं असंन तं बरोबरच सांगतलं असंन," म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "बोल, आज काय शिकायचं हाये?"

मी वही उघडली. आज मी तेवढंच सांगितलं.